मुंबईच्या महापौरांना खरे अधिकार असतात, की ते नुसतं शोभेचं पद आहे?

शोभेचं पद नाही. याच शब्दावरून आमच्या घरात पंधरा वर्षं वाद चालू आहे, म्हणून लिहितेय.

माझे वडील महापालिकेत लघुलेखक होते. सभागृहात बोललेलं टिपून घ्यायचं आणि उशिराच्या लोकलने घरी यायचं. मी सातवीत असताना हट्ट धरला, तेव्हा त्यांनी मला प्रेक्षकांच्या गॅलरीत नेऊन बसवलं. आमच्या चाळीत पाणी पहाटे चारला यायचं. महापौरांनी हुकूम सोडला की ते सातला येईल, अशी माझी समजूत. खाली गलका चालला होता, कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. महापौर उभे राहिले आणि एकेक नगरसेवक खाली बसत गेला. परत येताना वडील म्हणाले, "पाण्याची वेळ यांच्या हातात नाही, ते आयुक्तांचं काम. पण आयुक्तांना जिथे जाब द्यावा लागतो, ती सभा हे चालवतात."

ही विभागणी मुद्दाम केलेली आहे. १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड आयुक्त झाले, त्यांनी शहर सुधारलं आणि पैसाही पाण्यासारखा ओतला. करदाते खवळले. तेव्हा तरुण वकील फिरोजशहा मेहतांचं म्हणणं असं, की कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे असू द्या, पण त्याच्यावर नजर ठेवायला लोकांनी निवडलेली सभा हवी. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात तेच उतरलं. कलम ६४ प्रमाणे अंमलबजावणी आयुक्तांकडे. सभेच्या अध्यक्षाला 'महापौर' हे नाव १९३१ मध्ये मिळालं. १९४२ मध्ये स्वातंत्र्यसैनिक युसूफ मेहेरअली तुरुंगात असताना महापौर झाले. शोभेसाठी कुणी तुरुंगातल्या माणसाला निवडत नाही.

आमचे भावोजी लंडनला असतात. दर गणपतीत त्यांचं एकच, "आमचा मेयर बघ. तुमचा नुसता फिती कापतो." भावोजी, तुमचा तो मेयर २००० सालापासूनचा, थेट लोकांनी निवडलेला. त्याच शहरात लॉर्ड मेयर हे शेकडो वर्षं चालत आलेलं, मुख्यतः मानाचं पदही आहे, ते विसरता. आपल्याकडेही १९९८ मध्ये 'मेयर इन कौन्सिल' आणून महापौरांकडे कारभार दिला होता, तो वर्षभरात गुंडाळला. माझ्या मते बरंच झालं. सभा चालवणारा आणि खर्च करणारा एकच असेल तर जाब कोण विचारणार?

मार्च २०२२ मध्ये निवडून आलेल्या सभेची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. जवळपास चार वर्षं अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. महापौर नसले की काय होतं, ते तेव्हा दिसलं. वडील तोवर गेले होते. ते असते तर त्यांनी भावोजींना फोन लावला असता.

तुमच्या प्रश्नाचं राहिलंच: महापौर सभा बोलावतात, चालवतात, बेशिस्त नगरसेवकाला बाहेर काढू शकतात, आणि मतं समसमान पडली तर निर्णायक मत त्यांचं. पैशाच्या मंजुरीत स्थायी समितीचा अध्यक्ष त्यांच्यापेक्षा वजनदार, हे मात्र मला मान्य आहे. आणि हे सगळं मुंबईपुरतं. पुणे, नागपूर वगैरेंना १९४९ चा वेगळा कायदा आहे.