गोठ्याचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

कोथरूडच्या एका वाचकाचा मेल आलाय. आईकडून आलेला मुळशीतला मातीच्या भिंतींचा कौलारू गोठा दुरुस्त करून होमस्टे करायचाय, खर्च 14 लाख, हातात 9, मग बाकीच्या 5 लाखांसाठी पर्सनल लोन घेऊ का सोनं गहाण ठेवू? आणि जाता जाता लिहिलंय की बँकेतल्या साहेबांनी 'एफडीसारखीच आहे सर' म्हणून 4 लाख एका पॉलिसीत टाकायला लावले, कागद तीन आठवड्यांपूर्वी कुरिअरनी आले.

अहो, एफडी नाहीये ती! दर वर्षी 4 लाख, 10 वर्षं, म्हणजे 40 लाखांवर सही केलीत. पगार 85 हजार, त्यातले महिन्याला 33 हजार हिच्यात, वर 13 टक्क्यांनी लोन घेतलंत तर पाच वर्षं 11-साडेअकरा हजारांचा हप्ता, मग घरात खाणार काय? आणि असल्या पॉलिसीत हाती पडतात साडेपाच-सहा टक्के.

पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून 30 दिवस फ्री लूक, म्हणजे पटली नाही तर पॉलिसी परत करायची मुदत असते, तुमचे जेमतेम 9 उरलेत. उद्याच विमा कंपनीच्या ऑफिसात लेखी अर्ज द्या, शिक्क्याची पोच घ्या. बँकेत जाऊ नका, तिथे 'बघतो सर' म्हणत आठवडा घालवतील. स्टॅम्प ड्युटी, मेडिकल आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी परत मिळतात.

ते आले की 13 झाले. 3 अडीअडचणीला ठेवा, 10 मध्ये बसेल तेवढंच काम काढा, लोन नको आणि सोनंही नको. आधी छप्पर आणि जोतं, जूनच्या आत. कॉन्ट्रॅक्टर सिमेंट प्लास्टर म्हणतोय त्याला सरळ नाही म्हणा, मातीची भिंत ओल बाहेर टाकते, सिमेंटनी ती आत कोंडते, मग दोन-तीन पावसाळ्यांत प्लास्टरचे पोपडे मातीसकट खाली. माती-चुन्याचाच गिलावा करा, वळचण हातभर बाहेर काढा, मुळशीचा पाऊस माहितीये ना. गव्हाण तोडू नका, बसायला झकास होते.

होमस्टेतून वर्षाला 4 लाख मिळतील म्हणताय. 2500 च्या भावानी 160 रात्री लागतात, म्हणजे सगळे शनिवार-रविवार फुल आणि वर 56! मी 60 रात्री धरतो, दीड लाख. राखणदाराचे 60 हजार, शाकारणी-सारवणाचे 25, चादरी-धुलाई-गॅस, उरले तर 50 हजार.

आणि ते कुरिअरचं पाकीट रद्दीत गेलं नसेल तर आजच शोधा, त्यावरची तारीख लागेल.