जर्मनीत एमएस: कन्सल्टंटला पैसे देण्याआधी

तुझा मेसेज वाचला, यादीही बघितली. मला कळलं ते असं: तू कराडची, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला, सीजीपीए ८.२. पुण्यातल्या एका कन्सल्टंटनं ८५ हजारांचं पॅकेज सांगितलंय आणि पाच विद्यापीठांची यादी हातात ठेवलीय. या आठवड्यात निम्मे पैसे भरले तर 'सीट ब्लॉक' होईल म्हणतो. बाबा म्हणतात देऊन टाकू, डोक्याला ताप नको. आणि तू विचारतेस, ताई, एजंट घेऊ की सगळं स्वतः करू?

जर्मनीसाठी, आणि तुझे मार्क बघता, पॅकेज घेऊ नकोस.

एजंट म्हणजे चोर असं मला म्हणायचं नाही. फक्त या माणसाचं पोट कशावर चालतं ते आधी बघ. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड इथली विद्यापीठं एजंटांना उघडपणे कमिशन देतात. विद्यार्थी दाखल झाला की त्याच्या फीमधला ठरलेला टक्का एजंटला. म्हणून तिकडच्या अर्जांसाठी 'आमची सर्व्हिस फ्री' असं बोर्डावर लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. जर्मनीत मात्र बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फीच नाही. दर सेमिस्टरला शंभर ते साडेतीनशे युरोंच्या आसपास एक वर्गणी भरायची, त्यात बऱ्याच ठिकाणी बस-ट्रामचा पासही येतो. ज्या फीचा टक्का काढायचा ती फीच नाही, तर कमिशन येणार कुठून?

मग एजंटापुढे दोन वाटा उरतात. एक तर पैसे तुझ्याकडून घ्यायचे, नाहीतर तुला फी घेणाऱ्या खासगी विद्यापीठाकडे वळवायचं. तुझ्या बाबतीत दोन्ही चाललंय. यादीतल्या पाचांपैकी चार खासगी आहेत. पाचवं सरकारी आहे, पण ते आमच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यातलं. इथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी लावली, मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० ते ६,००० युरो. म्हणजे 'जर्मनीत शिक्षण फुकट' हेही सरसकट खरं नाही. पण आखेन, ड्रेस्डेन, केमनिट्झ, ब्राउनश्वाइग, हॅनोव्हर ही मेकॅनिकलवाल्यांची नेहमीची सरकारी नावं. त्यातलं एकही या यादीत नसावं, याला योगायोग म्हणवत नाही.

खासगी विद्यापीठ म्हणजे बोगस असंही नाही. सरकारमान्य खासगी संस्था इथे आहेत, काही चांगल्याही आहेत. पण दोन वर्षांची फी सहज वीस हजार युरोंच्या वर जाते आणि राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा. शिवाय काही ठिकाणी वर्ग बर्लिनमध्ये भरतात आणि पदवी मिळते ब्रिटनच्या विद्यापीठाची. काही अभ्यासक्रमांत निम्मे तास ऑनलाइन असतात, आणि विद्यार्थी व्हिसा हा प्रत्यक्ष वर्गात बसून शिकणाऱ्यासाठी असतो. २०२५ मध्ये बर्लिनमधल्या एका खासगी विद्यापीठाचे भारतीय विद्यार्थी नेमके यातच अडकले. परदेशी नागरिकांच्या कार्यालयानं त्यांचा कोर्स 'हायब्रिड' ठरवला, आणि फी भरून बसलेल्या पोरांना देश सोडायच्या नोटिसा आल्या. म्हणून त्या चारही नावांबद्दल कन्सल्टंटकडून लेखी घे: पदवी कुणाची, वर्ग प्रत्यक्ष किती, संस्था सरकारमान्य आहे का. शेवटचं तुला स्वतःलाही तपासता येईल. होखशूलकोम्पास या संकेतस्थळावर सगळ्या मान्य संस्था आहेत, सरकारी आणि खासगी वेगळ्या करून बघता येतात. डीएएडी या जर्मनीच्या विद्यार्थी-देवाणघेवाण संस्थेच्या यादीत इंग्रजी माध्यमाचे कोर्स फीनुसार गाळता येतात. तुझं स्वतःचं विद्यापीठ जर्मनीत मान्य आहे का, ते अनाबिन या जर्मन सरकारी संकेतस्थळावर दिसतं. तिथे 'एच प्लस' (म्हणजे मान्य) असलं की काळजी नाही.

'सीट ब्लॉक'चं तर सोडूनच दे. इथल्या सरकारी विद्यापीठांत पैसे भरून सीट अडवण्याचा प्रकारच नाही. ती घाई कन्सल्टंटची आहे.

आता ८५ हजारांत तो नेमकं काय करणार? एपीएस सर्टिफिकेटचा फॉर्म भरणार. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना हे लागतं, तुमच्या मार्कशीट खऱ्या आहेत याची ती पडताळणी. त्याची फी १८,००० रुपये, आणि ती पॅकेजमध्ये आहे की वेगळी हे विचार. बहुधा वेगळी निघेल. मग युनि-असिस्टवर (बऱ्याच विद्यापीठांचे परदेशी अर्ज एका जागी घेणारी संस्था) अर्ज टाकणार: पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. सहा अर्ज केलेस तर २२५ युरो झाले, आणि कितीतरी विद्यापीठं युनि-असिस्ट न वापरता थेट आपल्याच पोर्टलवर अर्ज घेतात. मग ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी वर्षाचा राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) उघडून देणार, आरोग्य विम्याची लिंक पाठवणार, कर्जासाठी कुणाचा तरी नंबर देणार. या कंपन्याही गिऱ्हाईक आणणाऱ्याला पैसे देतात, तेव्हा 'हेही आम्ही फ्रीमध्ये करतो' याचं फार कौतुक नको. ब्लॉक्ड अकाउंटमधले ११,९०४ युरो तुझेच असतात, महिन्याला ९९२ प्रमाणे परत मिळतात. हे सगळे फॉर्म कंटाळवाणे आहेत, अवघड नाहीत. ज्या मुलीनं इंजिनिअरिंगच्या परीक्षेचे आणि स्कॉलरशिपचे फॉर्म भरलेत तिला हे जमतं. आणि एपीएस असो की जर्मन वकिलात, एजंटासाठी तिथे मागचा दरवाजा नाही. त्याचा अर्जही तुझ्याच रांगेत.

खरं काम वेगळंच आहे, आणि पॅकेजवाले नेमकं तेच टाळतात. जर्मन प्रवेश समिती तुझ्या कॉलेजचं नाव फारसं बघत नाही, तू कोणते विषय किती शिकलीस ते बघते. कोर्सच्या अटींत लिहिलेलं असतं: गणिताचे इतके क्रेडिट, मेकॅनिक्सचे इतके, थर्मोचे इतके. आपल्याकडचे क्रेडिट आणि इथले ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट) एकास एक जुळत नाहीत, म्हणून सिलॅबस समोर ठेवून विषयवार तक्ता करावा लागतो. प्रत्येक कोर्सचं मॉड्यूल हँडबुक (विषयांच्या तपशिलाची पुस्तिका) मिळतं, ते उघडून वाच. एका कोर्सला दोन-तीन संध्याकाळी जातील. हे केलंस की पंधरा नावांची यादी आपोआप सहा-सातवर येते, आणि त्या सहा-सातांत तुझा अर्ज वजनदार असतो.

मार्कांचंही तसंच. इथे १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. तुझ्या ८.२ चं रूपांतर असं होतं: १० मधून ८.२ वजा, उरले १.८. त्याला ३ नं गुणून ६ नं भागायचं (१० मधून पासिंगचे ४ गेले की ६), आले ०.९. त्यात १ मिळवला की १.९. बरेच कोर्स २.५ पर्यंत घेतात, म्हणजे याच हिशेबानं सीजीपीए ७. तू त्याच्या बरीच वर आहेस. तुला खासगी विद्यापीठाकडे ढकलण्याचं शैक्षणिक कारण मला तरी दिसत नाही. (तुझ्या विद्यापीठाचा पासिंग ग्रेड ४ आहे ना, तेवढं ट्रान्स्क्रिप्टवर बघून घे.)

एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारं अर्जासोबतचं पत्र, कन्सल्टंटकडून लिहून घेऊ नकोस. गणपतीला इथली मराठी मंडळी जमतात तेव्हा नवी पोरं भेटतात, कधीकधी आपापले कागद दाखवतात. 'लहानपणापासून मला यंत्रांची आवड होती' हे वाक्य मी इतक्या जणांच्या एसओपीत वाचलंय की आता हसूही येत नाही. तुझा फायनल इयर प्रोजेक्ट काय, त्यात काय बिघडलं, इथल्या कोर्समधला कोणता विषय त्याला पुढे नेतो, एवढं साध्या इंग्रजीत लिही.

दोन गोष्टींत मात्र अजिबात तडजोड नको. पहिली, प्रत्येक खातं तुझ्या ईमेलवर, तुझ्या मोबाइलवर, पासवर्ड तुझ्याकडे. एजंट स्वतःच्या ईमेलवरून अर्ज टाकतो, मग विद्यापीठानं मागितलेला एखादा कागद आठवडाभर त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहतो आणि मुदत जाते. वाद झालाच तर खातं त्याच्या हातात. दुसरी, अनुभवाचं पत्र 'बनवून देतो' असं कुणी म्हणालं तर तिथून उठ. कागद खोटा निघाला तर सही तुझी असते, एजंटाची नव्हे. व्हिसा नाकारला तर पूर्वी फेरविचाराचा अर्ज करता यायचा. १ जुलै २०२५ पासून तीही सोय बंद झाली. आता नव्यानं अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या कोर्टात जायचं.

मग एजंट कुणी घ्यावा? ब्रिटन-ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यानं घेतला तर माझी हरकत नाही. तिथे त्याचे पैसे विद्यापीठ देतं, फक्त यादी त्याच्या सोयीची असेल हे धरून चालायचं. जर्मनीसाठी कुणाला अगदीच धीर होत नसेल तर तयार कागद एकदा तपासून देण्याचे काही हजार रुपये देणं मी समजू शकते. बाबांनाही तसंच सांग. त्यांना भीती आहे ती पोरीचं काही चुकेल याची, आणि ती पॅकेजशिवायही दूर होते. विद्यापीठांची इंटरनॅशनल ऑफिसं ईमेलला फुकट उत्तरं देतात, फक्त प्रश्न नेमका हवा.

वाचलेल्या पैशांतले थोडे जर्मनवर घाल. 'इंग्लिशवर भागतं' हे वर्गापुरतं खरं आहे. इकडे श्टुटगार्टच्या आसपास गाड्यांचे आणि सुट्या भागांचे मोठे कारखाने आहेत, पण शॉप फ्लोअरवरची माणसं जर्मनच बोलतात. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी आहे, पण जर्मन नसेल तर ते दिवस गोदामात नाहीतर डिलिव्हरीत जातात. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. निघेपर्यंत जर्मनची ए२ पातळी झाली तरी पुढची बी१ इथे येऊन गाठता येते.

आता क्रम: एपीएस आधी, कारण ते यायला वेळ लागतो आणि त्याच्याशिवाय पुढचं अडतं. सोबत आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तारीख घे. हिवाळी सत्राची सर्वसाधारण मुदत १५ जुलै असली तरी परदेशी विद्यार्थ्यांसाठी बऱ्याच कोर्सची मुदत मार्च-एप्रिल-मेमध्येच संपते, तेव्हा प्रत्येक कोर्सच्या पानावरची तारीख वहीत उतरवून ठेव. विषयांचा तक्ता झाला की मला पाठव. शनिवारी-रविवारी मी बघून देईन. थर्मो आणि फ्लुइड्सचा सिलॅबस पूर्ण जोड, नुसती विषयांची नावं नकोत.