साडूंच्या मापाचे आयर्न

(गोल्फच्या साहित्याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या पानावर उत्तरं दिली जातात. उत्तरं देणाऱ्यांनी तीस वर्षं पिंपरी-चिंचवडच्या एका फोर्जिंग कारखान्यात काढली. निवृत्तीनंतर ते घरच्या गॅरेजमध्ये क्लबांची दुरुस्ती आणि फिटिंग करतात.)

प्रश्न : वय 41, उंची पाच फूट सहा इंच, हँडिकॅप (जितका कमी तितका खेळाडू चांगला) 6. उजव्या हाताने खेळतो. आठवड्यातून दोनदा येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर जातो. सध्याचा आयर्नचा (धातूच्या पात्याच्या क्लबांचा) सेट 2016 साली साडूंनी न्यू जर्सीहून येताना आणला. त्यांचाच वापरलेला, त्यांच्या मापाने फिट करून घेतलेला. ते सहा फूट एक इंच आहेत. आता पहिल्यांदाच स्वतःच्या मापाचा सेट घ्यायचं ठरवलं आणि मुंबईच्या एका दुकानात दीड तास फिटिंग करून आलो. दोन पर्याय निघाले. पहिल्यातला सेव्हन आयर्न 30 डिग्री लॉफ्टचा (चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचा, म्हणजे फेसचा, मागे झुकलेला कोन), कॅरी (चेंडू हवेत कापतो ते अंतर) 163 यार्ड. दुसरा फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) कॅव्हिटी-बॅक (मागून खोलगट), सेव्हन आयर्न 34 डिग्री, कॅरी 151. दोन्हींना अर्धा इंच जास्त लांबी आणि लाय (क्लबच्या दांड्याचा, म्हणजे शाफ्टचा, जमिनीशी होणारा कोन) 1 डिग्री अपराइट (जास्त उभा) सुचवलाय. दुकानदार पहिला घ्या म्हणतो, फोरबॉलमधले मित्रही तेच म्हणतात. त्रास एकच : फाइव्ह आयर्न सरळ जातो, पण नाइन आयर्न आणि वेज (सगळ्यात जास्त लॉफ्टचे क्लब) कायम ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) डावीकडे. कोणता सेट घेऊ? – एक वाचक, वडगाव शेरी

उत्तर : कोणताच नको. निदान या महिन्यात नको.

पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलीत. फेस बंद करायची, म्हणजे डावीकडे वळवायची, सवय असती, तर फाइव्ह आयर्न जास्त वळला असता. लॉफ्ट कमी तितका चेंडू जास्त वळतो. तुमचं उलट आहे. लॉफ्ट वाढतो तसा चेंडू डावीकडे सरकतो. असं दिसलं की मी खेळाडूच्या स्विंगकडे नंतर बघतो, आधी क्लब लाय-गेजवर चढवतो.

घरी करून बघा. वेज चेंडूमागे नेहमीसारखा ठेवा आणि फक्त टो (क्लबच्या डोक्याचं पुढचं टोक) थोडा वर उचला. फेस लगेच डावीकडे बघायला लागेल. हेच पटरने करा, त्याला लॉफ्ट नसल्यासारखाच, जवळजवळ काही फरक दिसणार नाही. हिशेब सोपा आहे : लायमध्ये जितक्या डिग्रीची चूक, गुणिले लॉफ्टचा टॅन्जंट. साडूंचा सेट तुमच्यासाठी 3 डिग्री अपराइट आहे असं धरू (माझा अंदाज, गेजवर नक्की कळेल). 46 डिग्रीच्या पिचिंग वेजचा फेस 3 डिग्रीहून किंचित जास्त डावीकडे बघणार. 110 यार्डांवर ते सहा यार्ड होतात, म्हणजे थेट बंकर. फाइव्ह आयर्नच्या 27 डिग्रीला हीच चूक दीड डिग्रीवर येते आणि तुमच्या बारीकशा फेडमध्ये (उजवीकडे वळणाऱ्या फटक्यात) जिरून जाते. म्हणून तो क्लब तुम्हाला गुणी वाटतो.

आता खरी गोम. इतकी वर्षं तुम्ही लांब आणि अपराइट क्लब घेऊन खेळताय. टो जमिनीला टेकावा म्हणून तुम्ही हात वर धरायला शिकला असणार, चेंडूच्या थोडे जवळही उभे राहत असाल. कुणी सांगितलं नाही, शरीरानेच जमवून घेतलं. फुल स्विंगमध्ये ते बऱ्यापैकी निभावतं. वेजच्या अर्ध्या-पाऊण फटक्याला हात खाली येतात आणि सगळं उघडं पडतं. तसेच वर धरलेले हात घेऊन तुम्ही दुकानात उभे राहिलात. लाय बोर्डवर (या पाटीवरून मारलं की क्लबच्या तळाच्या टेपवर खूण उमटते) टेपची खूण टोच्या बाजूला गेली असेल, म्हणून त्यांनी 1 डिग्री अपराइट लिहिलं. त्यांनी मापात चूक केली असं मी म्हणणार नाही. त्यांनी मोजलं ते बरोबरच, फक्त मोजले साडू.

त्यात अर्धा इंच लांबी. लांबी अर्धा इंच वाढली की खेळताना लाय आणखी साधारण एक डिग्री अपराइट वागतो. म्हणजे कागदावरची 1 डिग्री हातात 2 होते. दुकानात फोन करून एवढंच विचारा : बोर्डवरची चाचणी वाढवलेल्या लांबीच्या क्लबने घेतली की स्टँडर्ड लांबीच्या? उत्तर द्यायला वेळ लागला तर काय ते समजा. पाच फूट सहा इंचाच्या माणसाला लांबी वाढवायचं कारणही विचारा. मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं होतं का? शिवाय अर्ध्या इंचाने स्विंगवेट (फिरवताना क्लबचं डोकं किती जड लागतं त्याचं माप) सुमारे तीन पॉइंटने चढतं. चौदाव्या होलनंतर ते खांद्याला कळतं.

राहिला 163 की 151. तीस डिग्रीच्या क्लबवर सात कोरलं म्हणून तो सात होत नाही. माझ्या तरुणपणी तोच सहा होता. बारा यार्ड वाढले ते क्लबच्या नावामुळे. फिटिंगच्या कागदावर कॅरीच्या रकान्यावर बोट ठेवून ते पुढे सरकवा, स्पिन (चेंडूचे फेरे) आणि डिसेंट अँगल (चेंडू उतरतो तो कोन) बघा. चेंडू 45 डिग्रीपेक्षा कमी कोनात उतरत असेल, तर एप्रिल-मेच्या कडक ग्रीनवर तो थांबणार नाही, मागच्या झुडपात जाईल. टूरवरचे लोक सेव्हन आयर्नने मिनिटाला सात हजारांच्या आसपास फेरे देतात आणि चेंडू सुमारे 50 डिग्रीने उतरवतात, तेव्हा कुठे तो जागेवर बसतो. तुमचा वेग त्यांच्याइतका नाही, म्हणजे तुम्हाला लॉफ्टची गरज त्यांच्याहून जास्त. आणि 30 डिग्रीच्या सेटमधला पिचिंग वेज बहुधा 43-44 चा असतो. तुमच्या सॅन्ड वेजपर्यंत लॉफ्टमध्ये जे भगदाड पडेल ते बुजवायला आणखी एक वेज विकत घ्यावा लागेल. हे दुकानदाराने सांगितलं होतं का?

त्यांच्याकडून प्रत्येक फटक्याची यादी मागवा, सरासरी नको. दोन्ही क्लबांचे सगळ्यात वाईट पाच-पाच फटके शेजारी मांडा. चांगला बसलेला फटका कोणत्याही क्लबने चांगलाच जातो. आपण पैसे मोजतो ते टोवर किंवा थोडा जाड (आधी जमिनीला) लागलेला फटका कुठे पडतो यासाठी. थोडा जाड फटका दुकानातल्या मॅटवर दिसतही नाही. क्लब घसरतो, चेंडू उडतो, आपण खूश.

हे मी आगीत हात घालून शिकलो. चौतिसाव्या वर्षी सेकंडहँड ब्लेड (पातळ, चूक माफ न करणारे आयर्न) घेतले, शाफ्ट एक्स-स्टिफ (अगदी कडक). टी-बॉक्सवर पिशवी उघडली की लोकांनी बघावं, एवढाच उद्देश. पाच वर्षं खेळलो. शेवटी माझा कॅडी, जो अनवाणी पायांनीही माझ्यापेक्षा बरा खेळायचा, एका दुपारी म्हणाला, "साहेब, तुम्ही क्लब मारत नाही, क्लब तुम्हाला मारतोय." त्याच आठवड्यात ते विकले.

तेव्हा असं करा. तुमच्या गोल्फ क्लबच्या प्रोकडून (प्रशिक्षकाकडून) किंवा मित्राकडून स्टँडर्ड लांबी-लायचा एखादा जुना सेट महिनाभर मागून घ्या. प्रोबरोबर एक-दोन तास हात कुठे असावेत यावर घालवा. पहिले दोन आठवडे चेंडू उजवीकडे जातील, घाबरू नका. मग चेंडूवर जाड मार्करने उभी रेघ काढा, रेघ फेसच्या बाजूला ठेवून मारा. फेसवर उमटलेली रेघ आडव्या खाचांना काटकोनात असेल तर लाय जुळला. रेघेचं वरचं टोक क्लबच्या टोच्या बाजूला झुकलं तर अपराइट, हीलकडे (दांड्याच्या बाजूला) झुकलं तर फ्लॅट. सेव्हनने करा, वेजनेही करा. ही परीक्षा गवतावर फुकट होते.

त्यानंतर फिटिंगला जा, तुम्ही खेळता तोच चेंडू बरोबर न्या. रेंजच्या (सरावाच्या) चेंडूचे आकडे म्हणजे उसने मार्क. शाफ्ट साठ फटके मारून झाल्यावर ठरवा, ताजेतवाने असताना नाही. हल्लीच्या शाफ्टवर काय छापलंय ते तुम्ही कळवलं नाहीत. डायनॅमिक गोल्ड एस-300 असेल तर प्रत्येकी 130 ग्रॅमच्या आसपास वजन आहे. शंभर-एकशेपाच ग्रॅमचाही एक मारून बघा, कमीपणा वाटून घेऊ नका. माझा कल 34 डिग्रीवाल्या सेटकडे, स्टँडर्ड लांबीत. लाय काय निघतो ते महिन्यानंतरच कळेल, आधी छापून घेऊ नका.

साडूंना यातलं काही सांगायची गरज नाही.

प्रश्न : फोर्ज्ड आयर्न लोण्यासारखा लागतो म्हणतात. कास्टपेक्षा (साच्यात ओतलेल्यापेक्षा) दुप्पट पैसे द्यावेत का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ज्या माणसाने तीस वर्षं लालबुंद पोलादावर हॅमर पडताना ऐकला त्याला हा प्रश्न विचारलात, आता ऐकून घ्या. आयर्नसाठी जे मऊ कार्बन स्टील वापरतात, 1020 किंवा 1025, त्यात गूढ काही नाही. तसल्याच पोलादाचे नट-बोल्ट आपण रोज वापरतो. हिरोशिमात आयर्नचं उत्तम फोर्जिंग होतं, ते मी मान्य करतो, त्यांची शिस्त मी दुरून का होईना पाहिली आहे. पण हाताला जे 'लोणी' लागतं, त्यातला मोठा वाटा कानाचा आणि चेंडू फेसवर कुठे लागला याचा. कानात कापूस घालून दोन्ही प्रकारचे दहा-दहा फटके मारा आणि मित्राला विचारा कोणता कोणता होता.

फोर्ज्डचा खरा फायदा वाइसवर दिसतो. मऊ क्लब मी दोन डिग्री वाकवतो, परत आणतो, तो कुरकुरत नाही. 17-4 स्टेनलेसच्या कास्ट क्लबला दोन डिग्री वाकवताना माझा श्वास अडकतो. पण जो मऊ आहे तो आपोआपही वाकतो. वर्षभर मॅटवर सराव केलात की लाय एखाद्या डिग्रीने सरकलेला सापडतो, म्हणून दर वर्षी तपासून घ्या. आणि लॉफ्ट एक डिग्री कमी करवलात की बाउन्सही (क्लबचा तळ जमिनीत रुतू न देणारा कोन) एक डिग्रीने कमी होतो. पावसाळ्यातल्या ओल्या फेअरवेत तो क्लब फावड्यासारखा घुसतो. फोर्ज्डचा क्रोम उडाला तर तेल लावून ठेवा, कार्बन स्टील आहे, जून-जुलैत गंजतं. दुप्पट पैसे? लाय-लॉफ्ट स्वतःच्या मापाने करून घेणार असाल तर द्या. नुसत्या नावासाठी असेल तर नको.

प्रश्न : वय 52, हँडिकॅप 8, चेंबूरला खेळते. डाव्या कोपराचं दुखणं आहे. डॉक्टरांनी आणि प्रोने आयर्नला पोलादाऐवजी ग्रॅफाइट शाफ्ट सुचवले. आमचे हे म्हणतात, ग्रॅफाइट म्हणजे बायकांचे आणि म्हाताऱ्यांचे. – एक वाचक, मुंबई

उत्तर : गोल्फपटू ब्रायसन डिशॅम्बोने 2020 ची यूएस ओपन जिंकली तेव्हा त्याच्या आयर्नलाही ग्रॅफाइट शाफ्ट होते. तो ना बाई, ना म्हातारा. हे यजमानांना वाचून दाखवा.

ग्रॅफाइट म्हणजे हलकं आणि लवचिक, ही समजूत जुनी झाली. ग्रॅफाइटच्या गाभ्यावर पोलादाच्या बारीक तारा गुंडाळलेले शाफ्टही मिळतात, सत्तर ग्रॅमचेही आणि एकशेदहा ग्रॅमचेही. तुमचा खेळ आठ हँडिकॅपचा आहे, तेव्हा दुकानाने 'लेडीज' लिहिलेला सेट पुढे केला तर परत सरकवा. वजन स्वतः मारून ठरवा, 80 आणि 95 ग्रॅम दोन्ही मागा. आणि एक गोष्ट आधी बघा, फुकटात होईल : क्लब धरल्यावर डाव्या हाताची मधली दोन बोटं अंगठ्याखालच्या मांसल भागाला जेमतेम टेकायला हवीत. बोटं रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे, पोचतच नसतील तर जाड. चुकीच्या ग्रिपमुळे क्लब आवळून धरायची सवय लागते आणि कोपर बोलायला लागतं. ग्रिप बदलून पंधरा दिवस खेळा, मग शाफ्टचं बघा. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर ती आधी.