वाचकांचे प्रश्न : पर्यावरणाची शाबासकी नेमकी कशाची?

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची छोटी फाउंड्री असून वार्षिक उलाढाल सुमारे १२ कोटी रुपयांची आहे. केंद्र सरकारचे ‘झेड’ प्रमाणपत्र घेतले की प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कटकटीतून सुटका होते, असे एका सल्लागाराने सांगितले. हे खरे आहे का? खर्च किती येतो? – एक उद्योजक, कोल्हापूर

उत्तर : सुटका होत नाही. १९७४ चा जल कायदा आणि १९८१ चा वायू कायदा यांखाली कारखाना चालवण्यासाठी मंडळाकडून घ्यावे लागणारे संमतीपत्र, त्याच्या अटी आणि नूतनीकरण हे सारे प्रमाणपत्रानंतरही जसेच्या तसे राहते. सल्लागार याच्या उलट सांगत असेल, तर त्याचे शुल्क देण्यापूर्वी ते त्याच्याकडून लेखी घ्यावे.

‘झेड’ म्हणजे ‘झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट’. मालात दोष नको आणि पर्यावरणावर दुष्परिणाम नको, ही घोषणा पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०१४ च्या भाषणात केली. २०१६ मध्ये तिची योजना झाली आणि एप्रिल २०२२ मध्ये ती सुधारित स्वरूपात आली. सहभाग पूर्णपणे ऐच्छिक आहे. उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची केंद्र सरकारकडील नोंदणी) असलेल्या उद्योगाने संकेतस्थळावर प्रतिज्ञा घ्यायची आणि ब्राँझ, सिल्व्हर किंवा गोल्ड यांपैकी झेपेल त्या स्तरासाठी अर्ज करायचा. सुधारित योजनेत या स्तरांचे शुल्क अनुक्रमे १०,०००, ४०,००० आणि ९०,००० रुपये ठेवले असून सूक्ष्म उद्योगांना ८०, लघु उद्योगांना ६० आणि मध्यम उद्योगांना ५० टक्के अनुदान मिळते. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येनुसार सूक्ष्म उद्योगाची उलाढाल १० कोटींच्या आत असावी लागते. त्यामुळे आपण लघु उद्योगात मोडता आणि सिल्व्हरसाठी आपल्याला १६,००० रुपये व त्यावरील कर एवढा खर्च येईल. महिला, अनुसूचित जाती व जमातींच्या उद्योजकांना यापेक्षा अधिक सवलत आहे. अर्ज करताना संकेतस्थळावरील चालू दर पाहून घ्यावेत.

आता सल्लागार सहसा ज्याबद्दल बोलत नाहीत, ते सांगतो. या योजनेत एकूण २० निकष आहेत. ब्राँझसाठी त्यांतले फक्त ५ पाहिले जातात : नेतृत्व, कामाच्या जागेची स्वच्छता, कामगारांची सुरक्षितता, माल वेळेवर पोहोचतो की नाही याची नोंद आणि गुणवत्ता व्यवस्थापन. यांत धुराडे नाही, सांडपाणी नाही आणि विजेचे बिलही नाही. ऊर्जा व पर्यावरण व्यवस्थापन सिल्व्हरच्या १४ निकषांत येते, तर नैसर्गिक संसाधनांच्या बचतीसाठी गोल्डपर्यंत जावे लागते. कार्यालयात ब्राँझचे प्रमाणपत्र टांगलेला कारखाना नीटनेटका आहे असे म्हणता येईल. तो पर्यावरणस्नेही आहे असा अर्थ त्यातून निघत नाही, आणि ग्राहकांपुढे तसे मिरवूही नये.

आपल्यासारख्या ओतकामाच्या धंद्यात मात्र सिल्व्हरची तयारी स्वतःच लाभदायक ठरू शकते. प्रत्येक हीटमागे, म्हणजे भट्टीतल्या प्रत्येक घाण्यामागे, किती टन धातू वितळला, किती युनिट वीज लागली आणि किती कास्टिंग (ओतीव भाग) रिजेक्ट झाली, या तीन आकड्यांची एकत्र नोंद फार थोड्या लहान फाउंड्रींमध्ये ठेवली जाते. वीज एका वहीत, रिजेक्शन दुसऱ्या वहीत आणि या दोन वह्यांची गाठ वर्षअखेरीसही पडत नाही. वास्तविक रिजेक्ट झालेले कास्टिंग पुन्हा भट्टीत जाते, म्हणजे त्याच मालासाठी वीज दोनदा जळते, साचा पुन्हा बांधावा लागतो आणि शेडमागचा वापरलेल्या वाळूचा ढीग आणखी वाढतो; मालातला दोष आणि पर्यावरणावरचा परिणाम या दोन गोष्टी फाउंड्रीत एकाच ठिकाणी भेटतात त्या अशा. तेव्हा आधी सहा महिने या नोंदी ठेवाव्यात आणि मग थेट सिल्व्हरसाठी अर्ज करावा, असे आमचे मत आहे.

प्रश्न : महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची ‘स्टार रेटिंग’ हीदेखील अशीच योजना आहे का? तिच्यासाठी अर्ज कोठे करावा? – एक वाचक, चाकण

उत्तर : तिच्यासाठी अर्ज करायचा नसतो. जून २०१७ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात मंडळाकडे असलेल्या धुराड्यांच्या नमुना-तपासणीवरून कारखान्यांना १ ते ५ तारे दिले जातात आणि ते कोणालाही पाहता येतील असे जाहीर केले जातात. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांचा त्याच्या आखणीत सहभाग होता. यात अनुदान नाही. आहे तो केवळ चारचौघांत मिळणारा मान किंवा होणारी शोभा. हे तारे धुरातील कणांच्या प्रमाणावर ठरतात, हे लक्षात ठेवावे. पाच तारे मिळवणारा कारखाना नाल्यात काय सोडतो, हे त्यांवरून कळत नाही.

प्रश्न : चांगल्या कारखान्यांना बक्षीस म्हणून सरकारने तपासणीत सूट दिली, तर ती अंगाशी येणार नाही का? – एक निवृत्त अभियंता, नागपूर

उत्तर : येऊ शकते, आणि अमेरिकेत काही अंशी ती आलीही. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २००० मध्ये ‘परफॉर्मन्स ट्रॅक’ नावाचा ऐच्छिक कार्यक्रम सुरू केला. कायदेपालनाचा चांगला इतिहास असलेल्या आणि त्यापलीकडे जाऊन सुधारणेचे वचन देणाऱ्या कारखान्यांना त्यात सदस्यत्व मिळे. त्यांच्या नेहमीच्या तपासण्या मागे ठेवल्या जात, आणि पुढे तर घातक कचरा ९० ऐवजी १८० दिवस आवारात साठवण्याची मुभाही काही सदस्यांना मिळाली. मात्र संस्थेच्याच महानिरीक्षकांनी २००७ मध्ये नमुन्यादाखल ३० सदस्य तपासले, तेव्हा दिलेली सर्व वचने पाळणारे फक्त २ निघाले. पाचशेहून अधिक सदस्य असलेला हा कार्यक्रम २००९ मध्ये बंद करण्यात आला.

याउलट इंडोनेशियाने १९९५ मध्ये सुरू केलेला ‘प्रोपर’ कार्यक्रम पाहावा. तेथे सरकार कारखान्यांना सोनेरी, हिरवा, निळा, लाल आणि काळा असे रंग देते. निळा म्हणजे कायद्यापुरते काम, काळा म्हणजे काहीच प्रयत्न नाही. पहिल्या फेरीतील १८७ कारखान्यांपैकी १२१ लाल किंवा काळे ठरले. सरकारने आधी फक्त हिरव्यांची नावे जाहीर केली आणि उरलेल्यांना सुधारण्यासाठी डिसेंबरपर्यंत मुदत दिली. आर्थिक संकटाच्या काळात खंड पडूनही हा कार्यक्रम पुन्हा उभा राहिला. तेथे शाबासकी आणि नाचक्की एकाच यादीत होती. अमेरिकेत मात्र सूट आधी मिळाली आणि वचनांचा हिशेब नंतर कोणीतरी मागितला. आमच्या मते सूट द्यायचीच असेल, तर ती शुल्कात किंवा व्याजात द्यावी, तपासणीत देऊ नये.

प्रश्न : कारखान्याच्या आवारात झाडे लावल्यास ‘ग्रीन क्रेडिट’ मिळते का? – एक वाचक, सातारा

उत्तर : ‘ग्रीन क्रेडिट’ म्हणजे पर्यावरणाला पोषक कामाबद्दल केंद्र सरकारच्या योजनेत मिळणारे गुण. त्यासंबंधीच्या २०२३ च्या नियमांखाली वृक्षारोपणासाठी ठरवलेली पद्धत वनखात्याने देऊ केलेल्या अवनत (झाडी विरळ झालेल्या, कस गेलेल्या) वनजमिनीसाठी आहे. आवारातील झाडे तीत धरली जात नाहीत. आपल्या संमतीपत्रात हरितपट्ट्याची अट असेल, तर ती झाडे त्या अटीपोटी लावायचीच आहेत.