बीटा की वीता? दोन्ही बरोबर, पण आधी ठरवा कुठलं ग्रीक हवंय

तुम्ही विचारलंय की ग्रीक वर्णमाला शिकायला किती दिवस लागतील, आणि दुसऱ्या अक्षराला पुस्तकात 'बीटा' नि व्हिडिओत 'वीता' म्हणतात, तर खरं कोणाचं? दोघांचंही. 'बीटा' प्राचीन ग्रीकचा, 'वीता' आजच्या ग्रीकचा. मध्ये दोन हजार वर्षं गेलीत, एवढंच.

मी भाषातज्ज्ञ नाही. मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होतो, काही वर्षं ग्रीक मालकाच्या जहाजांवर काढली. तिथे एका कॅनवर चार अक्षरं रंगवलेली होती. मी इंग्रजी समजून 'नेपो' वाचलं आणि कसलंतरी केमिकल असेल म्हणून आठवडाभर त्याला हात लावला नाही. ते होतं 'नेरो'. म्हणजे पाणी, साधं प्यायचं पाणी. इंग्रजी पीसारखं दिसणारं अक्षर ग्रीकमध्ये 'रो' आहे, उच्चार र. चीफ इंजिनिअर ग्रीक होते, ते पोट धरून हसले आणि त्याच रात्री मेसमध्ये पेपर नॅपकिनवर मला चोवीसच्या चोवीस अक्षरं काढून दिली.

त्या चोवीस मोठ्या अक्षरांतली नऊ इंग्रजीसारखी दिसतात आणि साधारण तशीच वाचतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका. दहा दिसायला वेगळी आहेत, पण डेल्टा, थीटा, लॅम्डा, सिग्मा, ओमेगा ही मंडळी गणितात भेटलेलीच असतात. (फक्त 'पाय', 'फाय', 'साय' हे इंग्रजांचे उच्चार. ग्रीक माणूस पी, फी, प्सी म्हणतो. आणि कॉलेजात आम्ही ज्याला गांडूळ म्हणायचो ते 'क्सी'.) खरी फसवाफसवी उरलेल्या पाचांत आहे (उच्चार आजच्या ग्रीकचे): बीसारखा दिसतो तो व, एच दिसतो तो ई (नाव ईटा), पी दिसतो तो र, एक्स दिसतो तो ख़, वाय दिसतो तोही ई. हे पाच आधी घोटा. छोट्या लिपीत इंग्रजी व्हीसारखा दिसणारा न तेवढा वेगळा लक्षात ठेवा.

आता उच्चार. प्राचीन ग्रीक वाचायचं असेल तर मराठी माणसाला घरबसल्या लॉटरी आहे. पी, फी, बीटा म्हणजे प, फ, ब. ताउ, थीटा, डेल्टा म्हणजे त, थ, द. कापा, खी, गामा म्हणजे क, ख, ग. इंग्रज विद्यार्थी प आणि फ वेगळे काढताना घामाघूम होतो, आपण ते बालवाडीत शिकलो. याचा पुरावा आपल्याच अंगणात आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत कल्याण, सोपारा, पैठण, तेर यांची नावं येतात. पैठणचा ठ लिहायला लेखकाने थीटा वापरलाय, आणि दक्षिणापथाला तो 'दाखिनाबादेस' म्हणतो, त्यातला ख 'खी'ने लिहिलेला. त्याच्या कानाला आपला महाप्राण ऐकू आला आणि हाताशी तयार अक्षर होतं.

बीटाचा पुरावा तर मेंढीने दिलाय. इसवी सनापूर्वीच्या ५ व्या शतकातल्या क्रातिनोस या नाटककाराने मेंढीचं ओरडणं बीटा-ईटा, बीटा-ईटा असं लिहिलं. आजच्या उच्चाराने ते 'वी वी' होतं. जगातली कुठली मेंढी वी वी करते? तेव्हा ते 'बॅऽ बॅऽ'च असणार.

पुढे फचा ओठ-दात लावून केलेला फ़ झाला. हे समजायला ग्रीसला जायची गरज नाही. पुण्या-मुंबईची आजची मुलं 'फळ', 'फूल' कशी म्हणतात ते ऐका. तसाच थचा इंग्रज लोक 'थिंक' म्हणतात तसला जीभ दातांत धरलेला आवाज झाला, दचा त्यांच्या 'दॅट'मधला, खचा उर्दू ख़, गचा ग़ज़लमधला ग़ (पण ए-ई पुढे आले की सरळ य). इथे आपली लॉटरी संपते. आपण 'थिंक' मराठी थनेच म्हणतो, त्यामुळे आधुनिक थीटासाठी मला आरशासमोर जीभ बाहेर काढून बसावं लागलं.

आधुनिक ग्रीकची दुसरी गंमत म्हणजे ई. तो सहा प्रकारे लिहितात: तीन एकटी अक्षरं आणि तीन जोड्या. आपण ऱ्हस्व-दीर्घाला वैतागतो ते काहीच नाही. वाचायला मात्र सोपं आहे, सहापैकी काहीही आलं तरी ई म्हणून पुढे जायचं. अल्फा आणि योटा शेजारी आले की ए होतो, हे तर संस्कृतच्या तासाला गुणसंधीत पाठ केलंय. त्याच नियमाने 'ने' हा शब्द वाचता येतो, ज्याचा अर्थ 'हो'. आपल्या कानाला तो नकार वाटतो, सावध राहा.

शब्दावरच्या त्या तिरप्या रेघेकडे दुर्लक्ष करू नका. जोर तिथेच द्यायचा. 'पोते'त पो वर जोर दिला तर 'कधी?', ते वर दिला तर 'कधीच नाही'. मी सुट्टीचं विचारताना हे उलटं केलं होतं.

आणि बीटाचा व झाल्यावर ब लिहायचा कशाने? म आणि प जोडून. म्हणून बियरची पाटी 'म्प'ने सुरू होते. आपल्या बॉम्बेचं जुनं ग्रीक रूप मात्र बीटानेच लिहितात, ते वाचताना 'वोम्वाई' होतं.

किती दिवस? रोज अर्धा तास दिलात तर आठवड्यात पाट्या वाचाल. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरात मी स्वतः वाचून मागवलेली पहिली गोष्ट ताउ, सिग्मा, अल्फा, योटा अशी लिहिलेली होती. ताउ-सिग्माचा उच्चार म्हणजे 'चमचा'तला च, हिंदीवाल्यांना न जमणारा. त्साय (तिरपी रेघ अल्फावर असते, म्हणून इथे अल्फा-योटाचा ए होत नाही), म्हणजे आपला चहाच. दूध नव्हतं त्यात.