बोट हुक किती लांबीचा घ्यावा आणि बोया पकडताना तो हातातून का निसटतो?

तुमची बोट सात मीटरची आहे. बोट हुक (टोकाला आकडा असलेली लांब काठी) अखंड घ्यावा की लांब-आखूड होणारा, किती लांबीचा घ्यावा, आणि बोया (बोट बांधण्यासाठी पाण्यात नांगरलेला तरंगता गोळा) पकडताना तो दरवेळी हातातून का सुटतो, असं तुम्ही विचारलं आहे. मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण निवडीचं उत्तर त्यातच आहे.

हुक सुटतो तो बहुतेक वेळा बोटीला वेग जास्त असल्यामुळे. दोन टनांची बोट माणसाच्या चालीने जरी सरकत असली, तरी काठीच्या टोकाशी धरून ती थांबवणं कुणालाही झेपणार नाही. एक तर काठी जाते, नाहीतर काठीबरोबर माणूसही पाण्यात जातो. बोट थांबवायची ती इंजिनाने, आणि धक्का सोसायचा तो फेंडरने, म्हणजे बोटीच्या अंगाला लटकवलेल्या मऊ उशीने. हुकाने फक्त लांबचा दोर हातात आणून द्यायचा.

म्हणून बोयाकडे जाताना वारा आणि प्रवाह यांपैकी ज्याचा जोर जास्त असेल, त्याच्या तोंडावर बोट न्या. शेजारी बांधलेल्या बोटी कुठे तोंड करून उभ्या आहेत ते पाहिलं की हे लगेच कळतं. अशाने बोयाजवळ पोचेपर्यंत बोटीचा वेग आपसूक मरतो. शेवटच्या काही हातांवर बोया बोटीच्या नाकाआड जातो आणि सुकाणूवरच्या माणसाला दिसेनासा होतो. तेव्हा पुढे उभ्या असलेल्याने हुकाचं टोक सतत बोयाच्या दिशेला रोखून धरावं. इंजिनाच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, काठी मात्र दिसते.

आता प्रत्यक्ष पकडणं. बोयाच्या डोक्यावरच्या कडीत हुक घालण्याचा मोह टाळा. कडीत तो अडकून बसतो, बोट जरा फिरली की काठी पिळवटते आणि सोडवायलाही वेळ मिळत नाही. बोयाला उचलायचा वेगळा दोर असेल तर तो पकडा. काठी दोराच्या पलीकडे पाण्यात घाला, हुकाचं तोंड दोराकडे वळवा आणि बोटीच्या अंगालगत, हातावर हात टाकत वर ओढा. दोर मुठीत आला की काठी डेकवर ठेवा आणि दोराचा वेढा ताबडतोब क्लीटला (दोर बांधायच्या डेकवरच्या खुंटीला) घाला. दोर क्लीटपर्यंत येण्याआधीच ताण यायला लागला, तर सरळ सोडून द्या आणि फेरी मारून पुन्हा या. यात कमीपणा काहीच नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. काठीचं मागचं टोक पोटाशी किंवा छातीशी कधीही टेकवू नका, ती नेहमी अंगाच्या बाजूला धरा. जेटीच्या खांबावर टेकवलेली काठी जागची हलत नाही, बोट मात्र पुढे येत राहते, आणि सगळा दाब बरगड्यांवर येतो. रेटायचंच असेल तर खांबासारख्या भक्कम जागेवर रेटा, दुसऱ्याच्या बोटीच्या रेलिंगवर किंवा काचेवर नको. बोट आणि जेटीच्या फटीत हातपाय घालू नका, हे वेगळं सांगायला नको.

आता खरेदी. तुम्ही जिथे उभे राहून दोर पकडणार, तिथून फारसं न वाकता हुकाचं टोक पाण्यात वीतभर बुडालं पाहिजे. तुमच्या बोटीला साधारण दोन ते अडीच मीटर पुरावेत. त्याहून लांब काठी पूर्ण उघडली की टोकाला जड होते, थरथरते आणि नेम चुकतो. जागा असेल तर मी डोळे झाकून अखंड काठी घ्यायला सांगेन. छोट्या बोटीत ती ठेवायची अडचण होते, म्हणून लांब-आखूड होणारी घेतलीत तर पिळून घट्ट होणाऱ्यापेक्षा बटण खटकन भोकात बसणारी बघा. पिळाची पकड ओल्या हाताने नीट आवळली गेली नाही, तर रेटताना काठी आत सरकते. दुकानातच पूर्ण उघडा, टोक जमिनीला टेकवा आणि वरून भार द्या. जराही आत गेली तर परत ठेवा.

टोक नायलॉनचं आणि बोथट असावं, म्हणजे बोटीच्या रंगावर ओरखडे उठत नाहीत. ‘तरंगतो’ असं लिहिलेलं असलं तरी एकदा दोरी बांधून पाण्यात टाकून पाहा, कारण नळीचं बूच सैल असेल तर पाणी भरून ती बुडते.

वापरानंतर, विशेषतः खाऱ्या पाण्यात, गोड्या पाण्याने धुवा. पिळाच्या जोडाला तेल लावू नका, पकडच जाते. आणि काठी ॲल्युमिनियमची किंवा कार्बन फायबरची असेल तर तिच्यातून वीज वाहते. बोट गाडीवरून नेताना किंवा धक्क्यावर डोक्यावरून तारा जात असतील, तिथे ती उभी धरू नका.