वाचकांचे प्रश्न : हेगच्या स्वाधीन न करण्याचे करार

प्रश्न : आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा भारत सदस्य नाही आणि अमेरिकाही नाही. तरीही एकमेकांच्या माणसांना अशा न्यायालयाच्या स्वाधीन करायचे नाही, असा करार या दोन देशांनी 2002 मध्ये केल्याचे वाचले. त्याची गरज काय होती? माझा पुतण्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून काँगोमध्ये राहून आला आहे. अशा जवानांना या कराराचा उपयोग होतो का?
— एक निवृत्त सुभेदार, सातारा जिल्हा

उत्तर : प्रथम एक खुलासा. कुलभूषण जाधव यांचे प्रकरण हेगमधील ज्या न्यायालयात चालले, ते दोन देशांमधील वाद सोडवणारे आंतरराष्ट्रीय न्यायालय होय. आपण विचारता ते फौजदारी न्यायालय त्याच शहरात असले, तरी तेथे देशांवर नव्हे, तर वंशसंहार, युद्धगुन्हे अशा आरोपांखाली व्यक्तींवर खटले चालतात. 17 जुलै 1998 रोजी रोम येथे त्याच्या स्थापनेच्या कराराचा मसुदा मतास टाकला गेला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार आणि अण्वस्त्रांच्या वापराला गुन्ह्यांच्या यादीतून वगळणे हे भारताचे प्रमुख आक्षेप होते.

न्यायालयाचे सदस्य नसलेल्या देशाच्या नागरिकावरही खटला चालू शकतो, ही अमेरिकेची खरी डोकेदुखी होती. कारण रोम कराराच्या 12व्या कलमानुसार गुन्हा सदस्य देशाच्या भूमीवर घडला असला, तरी न्यायालयाला अधिकार पोहोचतो. म्हणून 1 जुलै 2002 रोजी न्यायालय अस्तित्वात येताच अमेरिकेने एकेका देशाशी स्वतंत्र करार करण्याचा धडाका लावला. 1 ऑगस्टला रुमानियाने सही केली आणि पुढे हा आकडा शंभरावर गेला. भारताशी झालेल्या करारावर 26 डिसेंबर 2002 रोजी नवी दिल्लीत परराष्ट्र सचिव कंवल सिबल आणि अमेरिकेचे राजदूत रॉबर्ट ब्लॅकविल यांनी सह्या केल्या.

या करारांना आधार दिला जातो तो रोम कराराच्याच 98व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाचा. आरोपीला स्वाधीन करण्यासाठी 'पाठवणाऱ्या देशाची' संमती आवश्यक ठरवणारा करार संबंधित सरकारवर बंधनकारक असेल, तर त्याचा भंग होईल अशी मागणी न्यायालयाने पुढे रेटू नये, असे त्यात म्हटले आहे. सगळा वाद 'पाठवणारा देश' या दोन शब्दांवर आहे. परदेशी तळांवरील सैन्याविषयी यजमान देशाशी जे करार होतात, त्यांतली ही ठरलेली संज्ञा आहे. म्हणजे ज्याला त्याच्या सरकारने अधिकृत कामावर पाठवले आहे, त्याच्यापुरतीच ती मर्यादित, असे युरोपीय संघाने सप्टेंबर 2002 मध्ये बजावले. अमेरिकेच्या मसुद्यात मात्र आजी-माजी अधिकारी, सैनिक, कंत्राटी कर्मचारी आणि सरसकट सर्व नागरिक येतात. सहलीला आलेला पर्यटक कोणी 'पाठवलेला' नसतो, हे उघड आहे. त्यामुळे युरोपीय वाचन मला शब्दाशी अधिक प्रामाणिक वाटते.

भारताने दबावाखाली सही केली, असे सर्रास लिहिले जाते, पण त्यात फारसे तथ्य दिसत नाही. ऑगस्ट 2002 च्या अमेरिकी कायद्यातील लष्करी मदत रोखण्याची तरतूद न्यायालयाच्या सदस्य देशांना लागू होती आणि भारत सदस्यच नव्हता. सही न करणाऱ्या केनिया, दक्षिण आफ्रिका यांसारख्या सदस्य देशांना मात्र तिची झळ बसली. अशी मदत रोखणे हा आपल्याच पायावर धोंडा पाडून घेण्याचा प्रकार आहे, अशा अर्थाची कबुली पुढे 2006 मध्ये खुद्द अमेरिकेच्या तत्कालीन परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस यांनी दिली. दिल्लीच्या दृष्टीने हा करार परस्पर स्वरूपाचा असल्याने कमीपणाचा नव्हता आणि न्यायालयाविषयीच्या आधीच्या भूमिकेशी सुसंगतही होता. व्यवहारात त्यातून हाती फार काही लागले, असे मात्र म्हणता येणार नाही.

आता आपल्या पुतण्याविषयी. भारत-अमेरिका करार भारतीयाला फक्त अमेरिकेच्या भूमीवरून स्वाधीन करण्यापुरता आहे. काँगो हा फौजदारी न्यायालयाचा सदस्य असला, तरी तेथे या कराराचा काही संबंध येत नाही. तेथे उपयोगी पडतो तो संयुक्त राष्ट्रांनी यजमान देशाशी केलेला करार. त्याच्या 1990 च्या नमुना मसुद्यानुसार तुकडीतील सैनिकावर फौजदारी कारवाईचा अधिकार केवळ त्याला पाठवणाऱ्या देशाचा असतो, म्हणजे आपल्या जवानाचा गुन्हा भारतीय कायद्याखालीच चालवायचा. 98व्या कलमातील तो शब्दप्रयोग मुळात अशाच व्यवस्थेतून आलेला आहे.

प्रश्न : फिलिपिन्सनेही अमेरिकेशी असाच करार केला होता. मग तेथील माजी राष्ट्राध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते हेगला कसे पोहोचले?
— एक विधी विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तो करार मे 2003 मध्ये पत्रांच्या देवाणघेवाणीने झाला आणि फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2011 मध्ये तो वैध ठरवला, हे खरे आहे. पण असा करार कोणालाही अभय देत नाही. तो फक्त दुसऱ्या देशाचे एक दार बंद करतो. मनिलातून अमेरिकी माणसाला वॉशिंग्टनच्या संमतीशिवाय आणि अमेरिकेतून फिलिपिनो माणसाला मनिलाच्या संमतीशिवाय स्वाधीन करायचे नाही, एवढेच त्यात ठरले होते. स्वतःच्या भूमीवर स्वतःच्याच नागरिकाचे काय करायचे, याबाबत करार मूक आहे. 11 मार्च 2025 रोजी हाँगकाँगहून परतलेल्या दुतेर्ते यांना मनिलाच्या विमानतळावर त्यांच्याच देशाच्या पोलिसांनी ताब्यात घेतले आणि त्याच रात्री विमानाने नेदरलँड्सकडे रवाना केले. त्यासाठी अमेरिकेला विचारण्याचे कारणच नव्हते.